सात दिवसांचं कर्ज, सहा महिन्यांचं पीक

मंजुरी पाच हजारांची, खात्यात जमा साडेतीन हजार. उरलेले दीड हजार प्रक्रिया शुल्क, सेवा शुल्क अशा नावांखाली आधीच कापलेले. सातव्या दिवशी परत करायचे ते मात्र पूर्ण पाच हजार. नियम धाब्यावर बसवून मोबाईलवरून कर्ज वाटणाऱ्या ॲपांचा हा ठरलेला नमुना. आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पद्धत तीच राहते. आता हिशोब मांडू. माणसाला वापरायला मिळाले साडेतीन हजार आणि आठवडाभरात त्यावर द्यावे लागले दीड हजार. म्हणजे आठवड्याला शेकडा जवळजवळ त्रेचाळीस. वर्षाच्या सरळ व्याजाने पाहिलं तर हा दर दोन हजार दोनशे टक्क्यांच्या वर जातो.

वऱ्हाडातल्या जुन्या सावकारीशी याची तुलना करून पाहा. सवाई म्हणजे पेरणीला घेतलेल्याचं सुगीला सव्वापट, दिढी म्हणजे दीडपट. मृगात घेऊन सहा महिन्यांनी फेडलं तर सवाई वर्षाला पन्नास टक्के पडते आणि दिढी शंभर. आजही खेड्यात महिन्याला शेकडा पाचाने पैसे फिरतात, ते वर्षाला साठ टक्के होतात. ज्या सावकारीने आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनी गेल्या, तिच्यापेक्षा हे खिशातलं कर्ज किमान वीसपट महाग आहे. आणि ते घेताना कुणाच्या ओट्यावर जाऊन मान खाली घालावी लागत नाही, म्हणून घेणाऱ्याला त्याचं वजनही जाणवत नाही.

हे कर्ज कोण घेतं? अकोल्याच्या डाळ मिलमधला कामगार, अमरावतीत कंत्राटावर काम करणारा आणि पगार रखडलेला कर्मचारी, डिलिव्हरीची गाडी चालवणारा पोरगा, दवाखान्याचं बिल समोर आलेलं घर. पगार दहा तारखेला होणार आणि खर्च तीन तारखेला उभा राहिला, एवढीच मूळ अडचण असते. पगाराच्या भरवशावर दिल्या जाणाऱ्या या कर्जाचा अमेरिकेत दुकानं थाटून चाललेला मोठा धंदा आहे. तिथे दोन आठवड्यांसाठी शंभर डॉलरमागे पंधरा डॉलर असा दर सर्रास आढळतो, म्हणजे वर्षाला सुमारे ३९० टक्के. तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने २०१४ मध्ये लक्षावधी कर्जांची छाननी केली. दहापैकी आठांहून अधिक कर्जं अशी निघाली की चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा वाढवून घेतली गेली किंवा त्यांच्यामागोमाग दुसरं कर्ज काढलं गेलं.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची नाडी इथे आहे. व्याजाचा दर माणसाला एकदा मारतो. फेडायची तारीख उत्पन्नाच्या आधी आली आणि जुन्या कर्जाचं व्याज नव्या कर्जाच्या मुद्दलात गेलं, की मार दर वेळी बसतो. साडेतीन हजारांची गरज असलेला माणूस सातव्या दिवशी पाच हजार कुठून आणणार? तो दुसरं ॲप उघडतो. दुसऱ्याचे पैसे पहिल्याला जातात, तिसऱ्याचे दुसऱ्याला. दोन महिन्यांत देणं पन्नास हजारांवर पोहोचतं आणि त्यातले प्रत्यक्ष घरखर्चाला लागलेले असतात तेच पहिले साडेतीन हजार.

ही युक्ती दीडशे वर्षं जुनी आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडून कर्जखतं जाळली आणि ते लोण नगर जिल्ह्यात पसरलं. त्यामागच्या कारणांत एक कारण कायद्याचंच होतं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली होती. जुनी खतं उकरून सावकारांनी रयतेला छळू नये हा त्यामागचा हेतू. घडलं उलटं. मुदत संपायच्या आत सावकार नवं खत लिहून घेऊ लागला आणि साचलेलं व्याज त्या नव्या खतात मुद्दल म्हणून चढू लागलं. पन्नासाचे शंभर व्हायला पुन्हा एक रुपयाही द्यावा लागला नाही. १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला, तेव्हा कर्जाच्या मुळापर्यंत जाऊन खरी दिलेली रक्कम किती हे तपासायचा अधिकार न्यायालयाला मिळाला.

वऱ्हाड तेव्हा वेगळ्या कारणाने कर्जात शिरत होता. १८५३ च्या तहाने हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ नंतर अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. पाठोपाठ रेल्वे आली. खामगाव, अकोला, अमरावती, कारंजा हे कापसाचे बाजार झाले. युद्ध संपलं, भाव कोसळले, पण तोवर ज्वारीच्या जागी कापसाची पराटी उभी राहिली होती. रोख पीक आलं की रोखीची गरज येते आणि वर्षातून एकदाच हाती पैसा येणाऱ्या माणसाला बाकीचे महिने उधारीवर काढावे लागतात. खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणी खारं, एकच खरीप, आणि सगळा भरवसा त्याच्यावर. कर्जाचं आणि उत्पन्नाचं वेळापत्रक जुळलं नाही की काय होतं, हे वऱ्हाडाइतकं कुणी भोगलेलं नाही.

तरी जुन्या व्यवहारात एक आडवी भिंत होती. दामदुपट. हिंदू धर्मशास्त्रातला हा नियम इंग्रजी न्यायालयांनीही मुंबई इलाख्यात मान्य केला. कर्ज कितीही जुनं होवो, एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाहून जास्त असता कामा नये. शंभर दिले असतील तर मुद्दल आणि व्याज मिळून दोनशेच्या वर दावा चालणार नाही. कागद बदलून व्याजाचं मुद्दल करणारा सावकार या भिंतीला भोक पाडत होता, हे खरंच आहे. पण भिंत होती.

लंडनमध्ये तशीच भिंत २०१५ मध्ये बांधली गेली. ब्रिटनमध्ये वोंगा नावाची कंपनी पगाराआधीची कर्जं वाटत होती आणि तिच्या जाहिरातीतला वार्षिक दर ५,८५३ टक्के असायचा. जानेवारी २०१५ पासून तिथल्या वित्तीय नियंत्रकाने अशा कर्जांवर मर्यादा घातल्या, त्यातल्या दोन महत्त्वाच्या. रोजचा आकार ०.८ टक्क्याहून जास्त नको आणि व्याज, शुल्क, दंड सगळं मिळून एकूण वसुली मुद्दलाएवढीच. दुसरी मर्यादा म्हणजे शुद्ध दामदुपट. ऑगस्ट २०१८ मध्ये वोंगा बुडाली.

आपल्याकडे दामदुपट आजही कायद्यात आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे सावकाराला मुद्दलाहून अधिक व्याज घेता येत नाही. दरही ठरलेले आहेत. शेतीसाठी तारण असेल तर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२. शेतीबाहेरच्या कामासाठी तारणावर १५ आणि विनातारण १८. परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. सावकारीपोटी बळकावलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर चौकशी करून ती परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक काढू शकतो. वऱ्हाडात असा व्यवहार बहुतेक वेळा गहाणखताच्या रूपात होतच नाही, थेट खरेदीखत करून घेतात आणि पैसे फिटले की पलटवून देऊ असं तोंडी सांगतात. कागदावर ती विक्री दिसते. म्हणून या कलमाचं मोल मोठं आहे.

कायदा वापरणं सोपं नाही हेही सांगितलं पाहिजे. खामगाव भागातल्या एका सावकारी प्रकरणात तक्रार नोंदवू नये म्हणून मुख्यमंत्री कार्यालयातून पोलिसांना फोन गेला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने राज्य सरकारवर दहा लाख रुपयांचा भुर्दंड बसवला.

आता मोबाईलच्या कर्जाकडे येऊ. त्यामागे बहुधा एखादी बिगरबँक वित्तीय कंपनी असते, किमान असायला हवी. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ आणि गुजरातच्या कायद्यांसंदर्भात निर्णय दिला की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या अशा कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, त्यांचं नियमन रिझर्व्ह बँकच करेल. कायद्याच्या अंगाने निकाल समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा, की गावच्या सावकाराला दामदुपट बांधते आणि ॲपमागच्या कंपनीला बांधत नाही. रिझर्व्ह बँकेने अल्पभूधारकांच्या पीककर्जावर व्याज मुद्दलाबाहेर जाऊ नये असं बँकांना बजावलेलं आहे. तोच नियम पाच-दहा हजारांच्या विनातारण कर्जाला का नसावा, याचं पटणारं उत्तर मला सापडत नाही.

कर्जाचं ओझं असह्य झालं की आपल्याकडे मागणी होते ती माफीची, आणि या मागणीचा इतिहासही वऱ्हाडाच्या मातीत रुजलेला आहे. १९९० मध्ये दहा हजारांपर्यंतची माफी झाली. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात थकलेलं व्याज माफ झालं, मुद्दल तसंच राहिलं. २००८ ची देशव्यापी माफी त्याहून मोठी होती, पण पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच. त्यावरच्या कास्तकाराने ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट. इथेच वऱ्हाडावर अन्याय झाला. पश्चिम महाराष्ट्रात दोन एकर बागायत असलेला शेतकरी पूर्ण माफीत बसला आणि अकोटकडचा सात एकर कोरडवाहू पराटीवाला बाहेर राहिला, जरी वर्षाचं उत्पन्न याचं कमी असलं तरी. पुढे महालेखापरीक्षकांनी या योजनेची नमुना तपासणी केली, तेव्हा पाचात एकाहून जास्त प्रकरणांत चुका निघाल्या.

२०१५ मध्ये राज्याने एक वेगळा प्रयोग केला. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडची कर्जं सरकारने फेडायची. सुमारे सव्वादोन लाख शेतकरी आणि १७१ कोटी रुपये असा अंदाज होता. पण अट अशी की सावकाराने परवान्यातल्या क्षेत्रातच कर्ज दिलेलं असावं. शेतकरी खेड्यात आणि सावकार तालुक्याच्या बाजारात, त्यामुळे कितीतरी जण या अटीवर अडकले. आणि ज्याच्याकडे परवानाच नाही अशा सावकाराचं कर्ज तर मुळात या योजनेला दिसणारच नव्हतं. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत आणि २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंत माफी झाली. दोन्ही वेळा नियमित फेडणाऱ्यांसाठी प्रोत्साहनाची रक्कम ठेवली, तीही दुसऱ्या खेपेला २०२२ मध्ये मिळू लागली. जून २०२५ मध्ये शेतकरी आंदोलनाचे नेते बच्चू कडू यांनी कर्जमाफीसाठी अमरावती जिल्ह्यात गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं, ऑक्टोबरमध्ये नागपुरात ट्रॅक्टर मोर्चा नेला आणि ३० जून २०२६ पर्यंत माफीचा निर्णय घेऊ असं आश्वासन सरकारकडून घेतलं.

माफी मिळावी की नाही, या वादात मी मागणी करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. पाऊस आणि भाव दोन्ही ज्याच्या हातात नाहीत, त्याच्या डोक्यावर तोट्याचं सगळं ओझं ठेवणं न्यायाचं नाही. पण माफीची वाट पाहताना घरात काय होतं, ते आकड्यांत पाहिलं पाहिजे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य पडतं. मार्चअखेर हातात रोकड नसलेला कास्तकार काय करतो? दहा-पंधरा दिवसांसाठी लाखभर उसने आणून भरतो, नवं कर्ज मंजूर करून घेतो आणि उसने परत करतो. याला आपण नवं-जुनं म्हणतो. त्याची किंमत दोन-तीन हजार पडत असेल, पण व्याज मुद्दलात चढत नाही, म्हणून हे फिरवणं ॲपसारखं जीवघेणं नाही.

आता माफीची हवा उठली म्हणून त्याने नवं-जुनं केलं नाही असं समजा. तो थकबाकीदार झाला. बँक नवं कर्ज देणार नाही. बियाणं आणि खतं कृषी केंद्रातून उधारीवर, बाकी गरज सावकाराकडून. जूनमध्ये लाख रुपये शेकडा पाचाने घेतले तर जानेवारीअखेर चाळीस हजार व्याज झालं. एका वर्षात माफी झाली तर लाख सुटले आणि चाळीस हजार गेले, तरी साठ हजारांचा फायदा. दोन वर्षं लागली तर ऐंशी हजार सावकाराकडे गेले. तिसऱ्या वर्षी माफी मिळूनही तो तोट्यात. २०२४ च्या निवडणुकीत कर्जमाफीचं आश्वासन दिलं गेलं आणि मार्च २०२५ मध्ये राज्याच्या अर्थमंत्र्यांनीच ३१ मार्चच्या आत पैसे भरा असं जाहीर सांगितलं. या मधल्या महिन्यांत ज्यांनी वाट पाहिली, त्यांच्या खिशातून गेलेले पैसे कोणत्याही योजनेच्या यादीत येणार नाहीत. आश्वासन देणाऱ्याने तारीखही द्यावी, हा किमान जबाबदारीचा भाग झाला. माफी मिळाल्यावरही उधारी सुटतेच असं नाही. २००८ च्या माफीनंतर गुजरातच्या चार जिल्ह्यांत अभ्यास झाला. माफी मिळालेली कुटुंबं नंतर बँकांपासून दूर जाऊन खाजगी उधारीकडे अधिक वळल्याचं त्यात दिसलं.

बँकेने कर्ज निर्लेखित केलं अशी बातमी आली की अनेकांना ती माफीच वाटते. तसं नाही. हप्ता नव्वद दिवस थकला की साधं कर्ज अनुत्पादक ठरतं. पीककर्जाला हा काळ हंगामांत मोजतात. पुढे तरतूद पूर्ण झाली की बँक ते ताळेबंदातून काढते, पण कर्जदाराचं देणं जिवंत राहतं आणि वसुली चालू राहते. तडजोड करून कमी रकमेत मिटवलं तर देणं संपतं, मात्र सिबिलच्या नोंदीत ते पूर्ण फेडलेलं न दिसता तडजोडीचं दिसतं आणि पुढची कित्येक वर्षं घरासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना आडवं येतं. अशा एकरकमी तडजोडीच्या, म्हणजे ओटीएसच्या, कागदावर सही करण्याआधी हे बँकेतून समजून घ्यावं आणि पैसे भरल्यावर निल दाखला हातात घेऊनच उठावं. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवणं हे वेगळं काम आहे, ते राहून जातं.

बचत गटाच्या नावाने मिळणाऱ्या मायक्रोफायनान्सची गोष्ट थोडी निराळी. दर ॲपच्या मानाने फार कमी, पण हप्ता दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, आणि शेतमजूर बाईची मजुरी हंगामी. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर विदर्भात ही वसुली ठप्प झाली होती. २०२२ पासून नियम असा आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असावेत. गटातल्या बायांनी कर्ज मागताना हा नियम स्वतःहून पुढे करावा.

आता पुन्हा ॲपांकडे. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये ॲप बाजारात सुमारे ११०० कर्ज ॲपं दिसली आणि त्यातली ६०० बेकायदा होती. त्यानंतर सप्टेंबर २०२२ पासून नियम आले. कर्जदाराच्या हातात आधी मुख्य माहितीचा तक्ता द्यायचा आणि त्यात सगळं शुल्क धरून होणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहायचा. पैसे कंपनीच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात जायला हवेत. विचार बदलला तर किमान एक दिवसाच्या मुदतीत मुद्दल आणि त्या काळाचा आकार भरून कर्ज परत करता यायला हवं. फोनमधले नंबर आणि फोटो पाहायची मागणी करता येत नाही. ही शेवटची बाब ओळखीची खूण म्हणून पुरेशी आहे. जे ॲप नातेवाइकांचे नंबर मागतं, ते उद्या त्याच नंबरांवर तुमची बदनामी पाठवणार आहे. तसं झालंच तर घाबरून आणखी एका ॲपकडून पैसे घेऊन भरू नये. १९३० या क्रमांकावर आणि जवळच्या सायबर पोलिसांत तक्रार करावी, आणि घरच्यांना आपणच आधी सांगून टाकावं. धमकीची सगळी ताकद लपवालपवीत असते.

कर्ज घेणाऱ्याची जबाबदारी मला एवढीच नेमकी वाटते. दर विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: हातात किती येणार आणि शेवटी एकूण किती द्यायचे. मग ती तारीख आपल्या पैसे येण्याच्या तारखेच्या नंतरची आहे का, ते पाहावं. नसेल तर ते कर्ज आपलं नाही. पगारदारांच्या पतसंस्थेतलं कर्ज पगारातून कापलं जातं, सोनेतारण बँकेत वर्षभरासाठी मिळतं. दोन्हींना ॲपपेक्षा थोडा उशीर आणि थोडी ओशाळवाणी चौकशी सोसावी लागते, पण दोन्हींची तारीख माणसाच्या उत्पन्नाशी जुळते.

मात्र माणूस बुडाल्यावर त्याला फक्त जबाबदारीचे धडे देणं क्रूरपणा आहे. त्याला वाट हवी. १९३० ते १९३३ या काळात मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री असलेले अमरावतीचे पंजाबराव देशमुख यांनी कर्जलवादाचा आग्रह धरला आणि १९३३ मध्ये प्रांताचा कर्जलवाद कायदा झाला. धनको आणि ऋणको एका मंडळापुढे बसवायचे, सगळ्या कर्जांची एकत्र यादी करायची, खरोखर फेडता येईल अशी रक्कम आणि हप्ते ठरवायचे. आजच्या घरात बँकेचं पीककर्ज, गटाचा हप्ता, कृषी केंद्राची उधारी, सावकार आणि चार ॲपं अशी देणी एकाच वेळी असतात आणि त्यांना एकत्र पाहणारं एकही कार्यालय नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदारासाठी नव्याने सुरुवात करण्याचं प्रकरण आहे: वर्षाचं उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, स्वतःचं घर नाही आणि देणं पस्तीस हजारांपर्यंत, तर ते न्यायिक प्रक्रियेने पुसता येईल. व्यक्तींसाठीचा हा भाग, हमीदार सोडले तर, अजून लागू केलेला नाही, आणि २०१६ च्या त्या मर्यादा आता तशाही तोकड्या पडतात. मोझरीहून आणि नागपूरहून जी मागणी सरकारकडे गेली, तिच्यात या प्रकरणाची अंमलबजावणी आणि जिल्ह्याला एक कर्जलवाद मंडळ, या दोन ओळी वाढवायला हव्यात.